पाण्यावरून उड्या मारणारी दुष्काळातली मुलगी

दोस्तांनो, जून-जुलैमध्ये कधी भाट्याच्या पुलावर उभे राहिला आहात? छत्री उलटी होते, दप्तर भिजतं आणि समोरची खाडी आणि समुद्र यांतला फरकच कळेनासा होतो. रत्नागिरीकरांना पाऊस म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी सांगायला नको. वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस आपल्याकडे पडतो. मराठीत त्याला 'मुसळधार' म्हणतात, पण आपल्याकडचं मुसळ जरा जास्तच जाड असतं, नाही का?

आज तुम्हाला याच महाराष्ट्रातल्या अशा मुलुखात न्यायचं आहे, जिथं याच्या सहाव्या हिश्शाएवढाही पाऊस पडला तर लोक एकमेकांना पेढे देतील. आणि तिथल्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. गंमत अशी, की पाणी नसलेल्या गावातली ही मुलगी साऱ्या देशाला माहीत झाली ती पाण्यावरून उड्या मारून!

चला तर. रत्नागिरीहून सकाळी लवकर निघा. मिऱ्या बंदरापासून थेट नागपूरपर्यंत जाणारा जो महामार्ग आहे, त्याच रस्त्यानं आपल्याला कोल्हापूरपर्यंत जायचंय. हातखंबा, पाली, नाणीज अशी नेहमीची गावं मागे पडतात. दोन्ही बाजूंना जांभा दगड, आंबा-काजूच्या बागा, मधूनच एखादं कौलारू घर आणि घराभोवती गडगा. साखरपा गेलं की रस्ता चढायला लागतो. हा आंबा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू हाताशी ठेवावं! खिडकीशी जागा मिळालेल्यांनी मात्र बाहेर बघत राहावं, कारण खरी गोष्ट इथंच घडते.

समुद्रावरून येणारे ढग या सह्याद्रीच्या भिंतीला येऊन थडकतात. पुढं जायचं तर त्यांना वर चढावं लागतं. वर चढलं की हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं आणि ते सगळं कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामं होतं. पलीकडं उतरेपर्यंत ढगांचा खिसा जवळजवळ मोकळा झालेला असतो. भूगोलाच्या पुस्तकात याला 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणतात. छाया म्हटलं की कसं गार-गार वाटतं, पण ही छाया फार कोरडी आहे बरं का!

घाट संपला, मलकापूर आलं, मग कोल्हापूर. इथं तांबडा-पांढरा रस्सा खायचा मोह टाळणं अवघड आहे, तेव्हा टाळू नका. तिथून पुण्याच्या रस्त्याला लागून कऱ्हाड गाठायचं. इथपर्यंत उसाचे हिरवेगार मळे दिसतात. आणि मग पूर्वेला वळायचं. तासाभरातच ऊस विरळ होतो, झाडं बुटकी होतात, बाभळी आणि बोरी दिसायला लागतात. वडूज मागे पडतं, दहिवडी येते. आता आपण माण तालुक्यात आलो. जिल्हा तोच सातारा, ज्यात महाबळेश्वरही आहे. एकाच जिल्ह्यात एका टोकाला ढगांत बुडालेलं महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला हा माण! इथं वर्षाला वीस इंचांच्या आतबाहेर पाऊस, आणि तोही लहरी. कधी येतो, कधी नुसता ढग दाखवून जातो.

माणगंगा नावाची नदी इथून वाहते. 'वाहते' हा शब्द वर्षातल्या थोड्याच दिवसांसाठी खरा आहे. एरवी ती वाळूची नदी असते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा माणदेश. ज्वारी-बाजरीची शेतं, माळरानावर मेंढरं, आणि खिल्लार जातीचे देखणे पांढरे बैल. काटक, पायानं चपळ, थोड्या चाऱ्यावर राहणारे. शर्यतीच्या बैलांत खिल्लारचं नाव उगीच नाही! १९७२ चा दुष्काळ इथली म्हातारी माणसं अजून काल झाल्यासारखा सांगतात. २०१२-१३ मध्ये तर अशी वेळ आली, की गुरं जगवायला चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि माणसं गुरांबरोबर छावणीत येऊन राहिली.

आता तुम्ही म्हणाल, "बिचारे!" पण जरा थांबा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो की नाही? सव्वाशे इंच पाऊस पडूनसुद्धा! जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, आणि समुद्र जवळ. आभाळातून पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला जाऊन मिळतं. माणदेशात पाणी येत नाही आणि आपल्याकडं थांबत नाही. घरातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा दोन्हीकडं सारखाच जड. आणखीही एक साम्य आहे. कोकणातली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, गिरण्यांत कामाला लागली. माणदेशाकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली. गाव सोडून जाण्याचं दुःख काय असतं, हे त्यांना आणि आपल्याला सारखंच ठाऊक आहे.

याच तालुक्यात शिखर शिंगणापूर आहे. डोंगरावर शंभू महादेवाचं जुनं देऊळ. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इथं यात्रेकरूंसाठी तळं बांधलं. देवाला आलेल्यांना आधी काय लागेल तर पाणी, हे त्यांनी बरोबर ओळखलं. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. लांबलांबून कावडी येतात आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून त्या वर नेल्या जातात. खांद्यावर जड कावड, पायाखाली निसटते दगड, वर ऊन. एकमेकांना हात देत, साखळी करत माणसं चढतात. महादेवाला पाणी घालायला एवढी धडपड! या मुलुखातल्या माणसांचे पाय कशाचे बनले आहेत, हे ज्याला बघायचंय त्यानं ती कावड एकदा बघावी.

तर या माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबात १९८९ साली एक मुलगी जन्मली. तिचं नाव ललिता बाबर.

शाळेत असतानाच ललिता पळायला लागली. पुढं रेल्वेत नोकरी लागली आणि सराव चालू राहिला. तिची सुरुवातीची ओळख लांब पल्ल्याची धावपटू म्हणून. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती ओळीनं तीनदा पहिली आली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. २०१५ साली तिनं हे अंतर २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत संपवलं. एखादी असती तर म्हणाली असती, झालं की आता! दर जानेवारीत मुंबईला यायचं, पहिलं बक्षीस घ्यायचं, पेपरात फोटो. पण ललिताला देशासाठी मोठ्या स्पर्धेतलं पदक हवं होतं. आशियातल्या आणि जगातल्या मॅरेथॉन धावणाऱ्या बायका तिच्यापेक्षा बऱ्याच पुढं होत्या. मग तिनं एक धाडस केलं. ती स्टीपलचेसकडं वळली.

स्टीपलचेस हे नाव जड वाटतं, पण कोकणातल्या मुलांना हा खेळ न शिकवताच येतो. कसा ते सांगतो. पूर्वी इंग्लंड-आयर्लंडमध्ये लोक एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावत. मनोऱ्याला इंग्रजीत 'स्टीपल' म्हणतात. मनोरा लांबून दिसतो, त्याच्याकडं नाकासमोर सुटायचं. वाटेत शेताचा बांध आला, दगडी कुंपण आलं, ओढा आला, तर वळसा घालायचा नाही, वरून उडी मारायची. म्हणजे आपण गडगे आणि पऱ्ये ओलांडून आंबे पाडायला जातो, तसंच! (मागं मालक लागला असेल तर वेळही चांगली येते.)

तीच शर्यत आता मैदानावर असते. अंतर ३००० मीटर. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. हे अडथळे साध्या हर्डल्ससारखे पाय लागला की पडणारे नसतात. जाड, पक्के, जागचे न हलणारे. पाय अडकला तर पडायचं ते धावणाऱ्यानं. बायकांच्या शर्यतीत त्याची उंची ७६ सेंटिमीटर असते. पाण्याच्या खड्ड्यापाशी अडथळ्यावर एक पाय टेकवायचा आणि पुढं झेप घ्यायची. खड्ड्याची रचनाही मोठी खट्याळ. अडथळ्याजवळ तो खोल असतो आणि पुढं उथळ होत जातो. लांब झेप घेतली तर जेमतेम घोटा भिजतो. दमून उडी आखूड पडली की गुडघ्याएवढ्या पाण्यात! बूट जड होतात, वेग जातो, आणि पुढच्या फेरीत तोच खड्डा पुन्हा वाट बघत असतो. दमलेल्याला आणखी दमवणारी अशी ही शर्यत. बायकांसाठी ती ऑलिंपिकमध्ये आली तीसुद्धा फार उशिरा, २००८ साली.

ललिताला शिकवायला होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. भारताच्या कितीतरी लांब पल्ल्याच्या धावपटूंना त्यांनी घडवलं. २०२१ मध्ये भारतातच, पतियाळाला, त्यांचं निधन झालं.

२०१४ साली कोरियातल्या इंचॉनला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथं जे झालं ते नीट ऐका. बहारीनची रूथ जेबेट पहिली आली, चीनची ली झेनझू दुसरी, ललिता तिसरी आणि आपलीच सुधा सिंग चौथी. एवढ्यात जाहीर झालं, की धावताना जेबेटचं पाऊल आतल्या रेषेच्या पलीकडं पडलं, म्हणून ती बाद! म्हणजे ललिताला रौप्य आणि सुधाला कांस्य. भारताच्या गोटात आनंदीआनंद. पण बहारीननं दाद मागितली, निर्णय फिरला, जेबेटला सोनं परत मिळालं. ललिता पुन्हा तिसरी झाली आणि सुधाच्या हातातलं पदक गेलं. ललिताची वेळ होती ९ मिनिटं ३५.३७ सेकंद. रौप्य मिळवणारीची ९ मिनिटं ३५.२३. फरक किती? सेकंदाच्या शंभर भागांतले चौदा भाग. एका पावलाचा!

रेषेचा विषय निघालाच आहे, तर इथं आपण जरा हॉलंडला जाऊन येऊ. फार लांब नाही वाटायचं. एके काळी डच लोकांची वखार वेंगुर्ल्याला होती, आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत वेंगुर्लं आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. म्हणजे ते तसे जुने शेजारी!

हॉलंडचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्याही खाली आहे. देशभर कालवेच कालवे. हिवाळा कडक पडला की कालवे गोठतात आणि मग लहानथोर सगळे पायांत धारदार पात्यांचे बूट चढवून बर्फावर घसरत सुटतात. उत्तरेला फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. तिथं अकरा गावांची शर्यत होते, एका दिवसात जवळजवळ २०० किलोमीटर. रत्नागिरीहून कोल्हापूरमार्गे कऱ्हाडला जाण्याइतकं अंतर, आणि तेही पायांवर, बर्फावरून, बोचऱ्या वाऱ्यात! १९६३ साली असं भयंकर वादळ आलं, की हौशी गटात निघालेल्या नऊ हजारांवर लोकांतून फक्त ६९ जण शेवटपर्यंत पोचले. बर्फ सगळीकडं पंधरा सेंटिमीटर जाड झाल्याखेरीज ही शर्यत घेत नाहीत. त्यामुळं १९०९ पासून ती फक्त पंधरा वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला, आणि ती जिंकली हेंक आंगेनेंट नावाच्या एका शेतकऱ्यानं. ब्रसेल्स स्प्राउट्सची शेती करणारा गडी! त्यानंतर हिवाळे ऊबदार होत गेले आणि ती शर्यत झालेलीच नाही. आपण पावसाची वाट बघतो, ते बर्फाची बघताहेत.

त्याच फ्रीसलंडमधल्या हेरेनफेन गावचा स्वेन क्रामर. लांब पल्ल्याच्या बर्फावरच्या शर्यतींतला एक मोठा खेळाडू. वडीलही ऑलिंपिक खेळलेले. ५००० मीटरचं सोनं त्यानं २०१०, २०१४ आणि २०१८ अशा तीन ऑलिंपिकमध्ये मिळवलं. पण लोकांना आठवते ती २०१० मधली व्हँकुव्हरची १०,००० मीटरची शर्यत. या खेळात दोघं दोन पट्ट्यांत पळतात आणि दर फेरीला पट्टे बदलतात. आतला पट्टा आखूड असतो, म्हणून. क्रामर अगदी आरामात जिंकत होता. आठेक फेऱ्या उरल्या असताना त्याचे प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी घाईत हात केला तो आतल्या पट्ट्याकडं. चुकीच्या पट्ट्याकडं! क्रामरनं क्षणभर अडखळून ऐकलं. सर्वांच्या आधी शर्यत संपवली, हात उंचावले, आणि मग कळलं की आपण बाद झालो. सोनं गेलं कोरियाच्या ली स्यूंग-हूनला. १०,००० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण क्रामरला पुढं कधीच मिळालं नाही. एवढं होऊनही त्यानं केमकर्स यांना सोडलं नाही. चार वर्षांनी ५००० मीटरचं सोनं पुन्हा मिळवलं, तेव्हाही प्रशिक्षक तेच. मला विचाराल तर त्या तीन सुवर्णपदकांइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

इंचॉनला जेबेटचं पदक गेलं आणि आलं, सुधाचं आलं आणि गेलं, क्रामरचं गेलं ते गेलंच. वर्षानुवर्षांचा घाम आणि एक रेषा. घरी टीव्हीपुढं बसून "अरे, कसं काय चुकला!" म्हणणं फार सोपं असतं.

चला, ललिताकडं परत येऊ. २०१५ मध्ये चीनच्या वुहान शहरात ती आशियाई विजेती झाली. त्याच वर्षी बीजिंगला जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली आणि आठवी आली. मग आलं २०१६ चं रिओ ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत तिनं वेळ दिली ९ मिनिटं १९.७६ सेकंद. नवा राष्ट्रीय विक्रम!

या आकड्याकडं जरा कागद-पेन्सिल घेऊन बघा. इंचॉनची वेळ ९:३५.३७. म्हणजे दोन वर्षांत साडेपंधरा सेकंद कमी. २०१४ ची ललिता आणि २०१६ ची ललिता एकाच शर्यतीत पळाल्या असत्या, तर नवी ललिता पोचली तेव्हा जुनी सुमारे ऐंशी मीटर मागं असती. आणि वेग? दर १०० मीटर साधारण पावणेएकोणीस सेकंदांत. तुमच्यातले पुष्कळजण एकदा इतक्या वेगानं पळतील. असे १०० मीटर न थांबता तीस वेळा, वर पस्तीस उड्या!

ललिता अंतिम फेरीत पोचली. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय मुलगी अंतिम फेरीत येण्याची ही ३२ वर्षांनंतरची पहिलीच वेळ. त्याआधी १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा आली होती. तिचं कांस्यपदक सेकंदाच्या एका शतांशानं हुकलं. आईबाबांना विचारा, आजी-आजोबांना विचारा, तो शतांश त्यांना अजून सलतो.

रिओची अंतिम शर्यत झाली १५ ऑगस्टला. इकडं सकाळी शाळांत झेंडावंदन होऊन गेलं होतं, आणि संध्याकाळी टीव्हीवर ललिता धावत होती. ती दहावी आली. वेळ ९ मिनिटं २२.७४ सेकंद. सोनं मिळालं त्याच रूथ जेबेटला. (हिचं पुढं काय झालं तेही ऐका. नंतरच्या तपासणीत ती बंदी असलेलं औषध घेताना सापडली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली.) दहावा क्रमांक म्हणजे पदक नाही, हे खरं. पण त्या दिवशी जगातल्या अठरा वेगवान स्टीपलचेस धावणाऱ्या बायकांत माण तालुक्यातली एक होती. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या गावातली मुलगी रिओच्या पाण्यावरून सात वेळा उडाली.

तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं महाराष्ट्र सरकारनं उपजिल्हाधिकारी म्हणून नेमलं. रिओचा तिचा विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टला उत्तर प्रदेशच्या पारुल चौधरीनं तो मोडला, ९ मिनिटं १५.३१ सेकंदांत.

आणि बघा, मुलांमध्ये हीच शर्यत गाजवणारा अविनाश साबळे कुठला? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तोही पर्जन्यछायेतलाच मुलूख! लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झालेला जवान. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं केनियाच्या दोघांना मागं टाकून रौप्य मिळवलं. १९९८ पासून तिथली तिन्ही पदकं केनियाच नेत होता. सोनं हुकलं ते सेकंदाच्या शंभर भागांतल्या पाच भागांनी. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मात्र त्यानं सोनंच आणलं.

तेव्हा असं करा. घरात शिंप्याची किंवा सुताराची टेप असेल तर ती घ्या आणि आपल्या आवारातल्या गडग्याची उंची मोजा. ७६ सेंटिमीटरच्या आसपास भरली तर समजा, ऑलिंपिकचा अडथळा तुमच्या दारातच आहे. फक्त तो मोडकळीला आलेला नाही ना, चिरे निसटत नाहीत ना, हे मोठ्या माणसांना आधी विचारून घ्या. पऱ्यावरून उडी मारायची असेल तर दिवाळीनंतर, पाणी घोट्याइतकं आल्यावर. पावसाळ्यात नको. आणि ओले बूट घेऊन थेट माजघरात जाऊ नका. आई त्याला स्टीपलचेस म्हणणार नाही!